के. डी. आणि खाशाबा

गेल्या श्रावणातली गोष्ट. माझी नात राज्यसेवा परीक्षेच्या अभ्यासाला ओसरीवर बसली होती. मांडीवर सामान्य ज्ञानाचे जाडजूड हिंदी पुस्तक. प्रश्न स्वतःच वाचायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचे, अशी तिची पद्धत. ‘स्वतंत्र भारत के प्रथम व्यक्तिगत ओलंपिक पदक विजेता? के. डी. जाधव, कुश्ती, कांस्य, हेलसिंकी, १९५२.’ एका श्वासात म्हणून ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

मी विचारले, “कुठले गं हे के. डी. जाधव?”

“पुस्तकात नाही दिलं, आबाजी. कुस्ती आहे म्हणजे हरियाणा-पंजाबकडचे असतील.”

“आणि खाशाबा कोण?”

“खाशाबा? ते तुमच्या गोष्टीतले पहिलवान. बैलगाड्यांचे.”

मी हसलो खरा, पण मनात काहीतरी खटकले. एकच माणूस आमच्या घरात दोन नावांनी नांदत होता आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळखच नव्हती. पुस्तकातले के. डी. जाधव म्हणजे एक ओळ. त्यांना गाव नाही, आईबाप नाहीत, वय नाही. गोष्टीतल्या खाशाबांना सगळे काही आहे, फक्त सालाचा पत्ता नाही. आपल्याकडे दोन भाषांत वाढणाऱ्या घरांतून असे किती जणांचे दोन तुकडे झाले असतील, कोण जाणे. या एकाचे तरी जोडून पाहावेत म्हणून हा लेख.

आधी गोष्टीतल्या खाशाबांविषयी, कारण ते माझ्याकडे अगोदर आले. मी वाढलो तो काळ साठीच्या दशकाचा. वैनगंगेच्या अलीकडे एक अखाडा होता, नागपंचमीला तिथे दंगल भरे. आमच्याकडे दंगल म्हणतात. देशावर ज्याला कुस्त्यांचा फड म्हणतात आणि अखाड्याला तालीम, तेच हे. अखाड्याचे वस्ताद हिंदीत दम देत आणि मराठीत समजूत काढीत. कोणी नवखा पोर घाबरला, की ते त्याला खाशाबांची गोष्ट सांगत. ती गोष्ट माझ्या वडिलांनाही ठाऊक होती. त्यांच्या तोंडून ऐकताना मात्र तिच्यात थोडा फरक पडे. वस्तादांच्या गोष्टीत खाशाबांचे पदक सोन्याचे होते आणि मिरवणुकीतल्या बैलगाड्या पाचशे होत्या. वडिलांच्या गोष्टीत गाड्या शंभरावर होत्या आणि पदक कसले होते, याचा उल्लेखच नसे. त्यांना पदकापेक्षा घर गहाण टाकणाऱ्या प्राचार्यांचे कौतुक अधिक. ते स्वतः शाळामास्तर होते, म्हणून असेल.

आता खरे काय ते पाहू.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, तालुका कऱ्हाड, जिल्हा सातारा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटे. लाल मातीचा वारसा असा घरातच होता. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. ते दिवस बेचाळीसच्या चळवळीचे, आणि सातारा जिल्हा म्हणजे तर प्रतिसरकारचे माहेर. भूमिगतांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोचवणे अशी कामे शाळकरी खाशाबांनी केल्याचे सांगतात. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले.

कोल्हापूर का, हे आपल्या बाजूच्या वाचकाला जरा उकलून सांगायला हवे. शाहू महाराजांनी तिथे कुस्तीला राजाश्रय दिला, ठिकठिकाणचे मल्ल आणून ठेवले, त्यांच्या खुराकाची सोय केली आणि खासबागेचे मैदान बांधले. हे मैदान १९१२ साली तयार झाले. खोलगट, वाटोळे, कुठेही बसले तरी मधला हौदा दिसावा असे. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या पोराला पैलवान व्हायचे, तर त्याने कोल्हापूरची वाट धरायची, हे ठरलेलेच होते. आपल्या बाजूला असा राजा नव्हता. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात व्यायामाचे काम संस्थांनी केले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, वैद्य बंधूंनी उभारलेले. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. राजाश्रय आणि लोकाश्रय यांतला हा फरक पुढे खाशाबांच्या कथेतही येणार आहे.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. खाशाबांचे वय बावीस. त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवर त्यांची सारी कुस्ती मातीतली. मातीत पाय रुततो, पकड घामाने निसटत नाही, कारण अंगाला माती लागलेली असते, आणि कुस्ती तासभर चालली तरी हरकत नसते. गादीवर यातले काहीच नाही. तिथे पाय घसरतो, घड्याळ पुढे पळत असते, आणि चितपट झाली नाही तर पंच गुणांवर निकाल देतात. हे सगळे नवे असताना लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने त्यांना गादीचे धडे दिले. फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोंच्या आत, खाशाबा सहावे आले. ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना त्यांनी हरवले; इराणच्या मल्लापुढे मात्र त्यांचे चालले नाही. गादीशी ओळख नसलेल्या मल्लाला जगात सहावा क्रमांक, ही गोष्ट लहान नव्हती. पण सहाव्या क्रमांकाला पदक नसते.

पुढच्या चार वर्षांत दोन गोष्टी बदलल्या. खाशाबा एक गट वर सरकून बँटमवेटला, म्हणजे ५७ किलोंच्या गटात आले. दुसरी गोष्ट त्यांच्या हातातली नव्हती. मार्च १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरण योग्यच होते, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्या खजिन्यातून मल्लाचे तिकीट निघत असे तो खजिना संपला, आणि त्याची जागा घेणारी व्यवस्था अजून जन्माला आली नव्हती. १९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक नेमके या मधल्या पोकळीत आले.

त्याआधी निवडीचा घोळ झाला तो वेगळाच. मद्रासच्या स्पर्धेत बंगालच्या निरंजन दास यांच्याविरुद्ध खाशाबा एका गुणाने हरल्याचे जाहीर झाले. खाशाबांना तो निकाल मान्य नव्हता. त्यांनी पतियाळाचे महाराज यादविंद्रसिंग यांच्याकडे दाद मागितली. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे ते अध्यक्ष, आणि स्वतः खेळाची जाण असलेले. फेरलढत ठरली, आणि तीत खाशाबांनी दास यांना चितपट करून वादच मिटवला. कुस्तीची ही एक गंमत आहे. गुणांवर कोणी कितीही वाद घालावा, पण पाठ मातीला लागली की पंचालाही बोलता येत नाही.

निवड झाली, पण पैसे कुठून आणायचे? गोळेश्वर आणि कऱ्हाडच्या परिसरातल्या लोकांनी वर्गणी काढली. तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले, असे सांगतात. माझ्या वडिलांच्या गोष्टीचा हाच कळस असे. १९५२ सालचे सात हजार! मास्तराच्या वीस-वीस वर्षांच्या शिल्लकीत बसणार नाहीत एवढे. राजाची जागा संस्थान गेल्यावर सरकारने घेतली नाही, ती एका शिक्षकाने आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांनी घेतली, असा याचा अर्थ मी लावतो.

हेलसिंकीत काय घडले ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण अखाड्यातल्या गोष्टीत इथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो. त्या काळी कांस्यपदकासाठी वेगळी लढत नसे. दोषगुणांची पद्धत होती. हरलेल्याच्या, आणि निर्विवाद न जिंकलेल्याच्याही नावावर दोषगुण चढत. ठरावीक आकडा भरला की मल्ल स्पर्धेबाहेर. असे गाळत गाळत शेवटी उरतील त्यांनी आपसांत लढून क्रम ठरवायचा. खाशाबांनी कॅनडाच्या आद्रियाँ पोलिक्वँला, मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला आणि जर्मनीच्या फर्डिनंड श्मिट्झला हरवले आणि ते अखेरच्या तिघांत पोचले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळायची आणि कमरेवरून त्याला खाली आणायचे. मातीत शिकलेला हा डाव गादीवरही चालला. अंगाने लहान, चालीने चपळ. ‘पॉकेट डायनॅमो’ हे नाव त्यांना चिकटले ते यामुळेच.

उरलेल्या दोघांत एक जपानचा शोहाची इशी आणि दुसरा सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव्ह. खाशाबा दोघांकडूनही हरले. इशीशी झालेली लढत दीर्घ आणि अटीतटीची होती. एका लढतीनंतर दुसरीला लगोलग उतरवले गेले. मध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण तसे ठणकावून सांगायला भारतीय पथकातला कोणीही अधिकारी मैदानावर हजर नव्हता, अशी हकीकत सांगितली जाते. इशीला सुवर्ण, ममदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. इशीविषयी एवढे सांगितले पाहिजे, की हेलसिंकीत साऱ्या जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक. म्हणजे खाशाबा हरले ते कोणा ऐऱ्यागैऱ्याकडून नव्हे. अर्धा तास मिळाला असता तर काय झाले असते, याची चर्चा आपण सत्तर वर्षे करीत आलो आहोत. करणाऱ्यांनी करावी. माझ्या मते त्या अर्ध्या तासापेक्षा मैदानावर आपले माणूस नव्हते, ही गोष्ट अधिक बोलकी आहे.

आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात हॉलंडचा ६-१ असा फडशा पाडला. बलबीरसिंगांचे त्यात पाच गोल. हॉकीचे सुवर्ण म्हणजे तेव्हा देशाचा जीव की प्राण. त्या झगझगाटात एका मल्लाचे कांस्यपदक किती दिसणार! वस्तादांनी ते सोन्याचे केले, याचे मला आता फारसे नवल वाटत नाही. त्या वर्षी सोने जिंकणाऱ्यांचेच कौतुक होत होते. आपला माणूस मागे का राहावा?

एक शुद्धलेखनाची दुरुस्ती पुस्तकातल्या ओळीबाबतही. तिच्यात ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी १९०० साली पॅरिसला धावण्याच्या दोन शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवली होती आणि ती भारताच्या नावावर धरली जातात. खाशाबा ‘भारताचे पहिले’ नव्हेत. स्वतंत्र भारताचे पहिले.

आता बैलगाड्या. खाशाबा परतले तेव्हा त्यांना गावी नेण्यासाठी १५१ बैलगाड्या आल्या होत्या, आणि एरवी पंधरा मिनिटांत संपणाऱ्या वाटेला सात तास लागले, असे त्यांच्या गावचे लोक सांगत आले. वडील सत्याच्या जवळ होते, वस्ताद तिपटीहून जरा पुढे. पुढे खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लढवून पैसा उभा केला आणि प्राचार्यांचे गहाण घर सोडवून दिले, असेही सांगतात. विजयाच्या मिरवणुकीनंतर मल्ल पुन्हा हौद्यात उतरतो तो कर्ज फेडण्यासाठी!

नकाशावर एक नजर टाकू. १९५२ साली बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशातच होता, पण त्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. गोंदियाची नॅरोगेज धरली की आपण राजधानीच्या वाटेला लागत असू. विधानसभा, हायकोर्ट, मराठी वर्तमानपत्रे, सगळे नागपूरला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट भोपाळकडे आला. मधे एक वैनगंगाच, पण पुस्तके बदलली. महाराष्ट्रातल्या मुलांपर्यंत खाशाबा शाळेतून, वाचनालयातून पोचण्याची वाट होती; आमच्याकडे ते फक्त तोंडी उरले, आणि पुढे स्पर्धापरीक्षांच्या हिंदी पुस्तकांतून के. डी. म्हणून परत आले. या आद्याक्षरांचा दोष मी कोणाला देत नाही. इंग्रजी नोंदींत ते के. डी.च होते. पण ‘खाशाबा’ या नावात सातारा आहे, ‘के. डी.’त तो नाही.

नात म्हणाली, “म्हणजे आबाजी, एवढं करून त्यांचं पुढं काय झालं?”

उत्तर देण्यापूर्वी मला त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका खेळाडूची आठवण सांगावीशी वाटते. ऑलिंपिक दोन प्रकारचे असतात, उन्हाळी आणि हिवाळी. १९५२ चे हिवाळी ऑलिंपिक हेलसिंकीच्या शेजारच्याच मुलखात, नॉर्वेतल्या ओस्लोला, फेब्रुवारीत भरले. तिथे स्टाइन एरिक्सन नावाच्या नॉर्वेजियन तरुणाने बर्फाच्या डोंगरउतारावरून पायाला लांब पट्ट्या बांधून घसरत येण्याच्या, म्हणजे स्कीइंगच्या, जायंट स्लालोम या शर्यतीत सुवर्ण आणि स्लालोममध्ये रौप्य जिंकले. उतारावर रोवलेल्या निशाणांमधून नागमोडी वळत खाली यायचे आणि सेकंदाच्या अंशांवर निकाल लागायचा, असा हा खेळ. एरिक्सनचा जन्म १९२७ चा, म्हणजे खाशाबांहून तो वर्षा-दोन वर्षांनी लहान. त्याचेही वडील खेळाडू. कसरतपटू म्हणून १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये उतरलेले. १९५४ साली स्वीडनमध्ये त्याने तीन विश्वविजेतेपदे मिळवली. तो उताऱ्यावरून येई त्यात वेगाइतकीच ऐट असे, आणि हवेत कोलांटी मारण्याचा त्याचा खेळ पाहायला लोक जमत.

पुढे तो अमेरिकेला गेला. तिथे डोंगर होते, बर्फ होते, आणि त्या बर्फावर पैसा खर्च करणारे प्रवासी होते. हॉटेलवाल्यांना, स्कीच्या शाळांना, कपडे विकणाऱ्यांना एक चेहरा हवा होता. एरिक्सन तो चेहरा झाला. यूटातल्या डीअर व्हॅली या स्की-केंद्रात तो स्कीइंगचा संचालक होता आणि तिथले एक मोठे हॉटेल त्याच्या नावाने उभे आहे. २०१५ च्या डिसेंबरात, वयाच्या ८८ व्या वर्षी तो वारला, तेव्हा त्याची कीर्ती साठ वर्षे त्याच्यासोबत चालत आलेली होती. त्याच्या कर्तृत्वाला यात कुठेही उणेपणा नाही. पण कीर्ती टिकवायला कोणाचा तरी रोजचा धंदा तिच्यावर चालावा लागतो, हे त्याच्याकडे पाहून कळते. मातीतल्या कुस्तीवर जत्रेपलीकडे कोणाचाच धंदा चालत नव्हता.

खाशाबा १९५५ साली मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चे मेलबोर्न ऑलिंपिक हुकले, आणि आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच थांबली. सत्तावीस वर्षांची पोलीस नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या मशालदौडीत त्यांना बोलावले गेले. निवृत्तिवेतनासाठी खेटे घालावे लागले, पैशाची ओढ राहिली. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय अठ्ठावन्न. हयातीत एकही पद्म सन्मान नाही, अर्जुन पुरस्कारही नाही. गोळेश्वरच्या त्यांच्या घराला ‘ऑलिंपिक निवास’ हे नाव होते. ते घरच्यांनीच दिलेले.

सन्मान आले ते नंतर, रांगेने. १९९२-९३ चा शिवछत्रपती पुरस्कार. २००० सालचा अर्जुन. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्ती संकुलाला त्यांचे नाव. २०२३ साली गूगल या संगणकी शोधयंत्राने त्यांच्या वाढदिवशी आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र झळकवले. आणि १५ जानेवारी हा महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन झाला. मधे २०१७ साली मात्र, गावात त्यांच्या नावाचे क्रीडासंकुल उभे राहत नाही म्हणून कुटुंबीयांवर पदक लिलावात काढण्याची भाषा करण्याची पाळी आली होती. दिल्लीतल्या संकुलावरही इंग्रजी-हिंदी अक्षरांत ‘के. डी. जाधव’च आहे, हे वेगळे सांगायला नको.

इथे थोडे विषयांतर, पण सीमेवर राहणाऱ्यांना ते आवडेल. खाशाबांच्या आधी बत्तीस वर्षे, १९२० साली, दोराबजी टाटा आणि पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या खटपटीने एक लहानसे पथक अँटवर्पला गेले होते. त्यात रणधीर शिंदे नावाचे मल्ल होते. त्यांचा क्रमांक चौथा आला, कांस्य थोडक्यात हुकले. त्याच पथकात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. बेळगाव म्हणजे तर आपल्यासारखाच, किंबहुना आपल्याहून अधिक दुभाषी मुलूख. नाव कानडी वळणाचे, आणि आठवण मात्र ना धड इकडे ना धड तिकडे. हेलसिंकीतही खाशाबांच्या सोबत कोल्हापूरचे केशव माणगावे होते. त्यांनी वरच्या वजनगटात चौथा क्रमांक मिळवला. माणगावे यांच्यासाठी बैलगाड्या निघाल्या का, हे मला कोणाच्याही गोष्टीत ऐकायला मिळाले नाही. तिसऱ्याची आठवण राहायला चाळीस-पन्नास वर्षे लागली, तिथे चौथ्याचे काय?

ही आठवण राहिली ती तरी कशामुळे? मला वाटते, तिला दोन गोष्टींनी तारले. एक, दुष्काळ. खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते १९९६ साली, लिअँडर पेसच्या रूपाने. चव्वेचाळीस वर्षे दर चार वर्षांनी कोणीतरी मागे वळून विचारायचा, ‘याआधी कोण?’ आणि उत्तरात एकच नाव यायचे. कुस्तीत तर पुढचे पदक २००८ साली सुशीलकुमारचे, म्हणजे छप्पन्न वर्षांनी. देशाला जसजशी पदकांची भूक लागली, तसतसे जुने पदक मोठे दिसू लागले. पुस्तकातले के. डी. जगले ते यामुळे. दुसरी गोष्ट तालमी. गोळेश्वर, कऱ्हाड, कोल्हापूर, आणि वाहत वाहत थेट आमच्या वैनगंगेकाठचा अखाडा. तिथे कोणाला साल नको होते, प्रमाण नको होते. नवख्या पोराला हौद्यात उतरवायला एक माणूस हवा होता. गोष्टीतले खाशाबा जगले ते यामुळे. वस्तादांनी आकडे वाढवले, हे मी इतिहासाच्या हौसेने लिहितो आहे. पण त्यांनी ते सांगितले नसते, तर त्या दिवशी नातीला ‘आणि खाशाबा कोण’ हा प्रश्न विचारायला मला सुचलाच नसता.

तो अखाडा आता राहिलेला नाही. जागेवर दुकानांचे गाळे झाले. नागपंचमीची दंगल अजून कुठे कुठे भरते, ध्वनिक्षेपकावरून हिंदीत पुकारा होतो, मधूनच कोणी म्हातारा मराठीत ‘धर, सोडू नको’ म्हणून ओरडतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्निल कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. नात तेव्हा अभ्यासासाठी इंदूरला होती. तिने संध्याकाळी फोन केला. “आबाजी, महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक पदक बहात्तर वर्षांनी आलं म्हणे. याआधी कोण, असं टीव्हीवर सांगत होते, पण मला ऐकू नाही आलं.” तेव्हा तिला काहीच माहीत नव्हते, आणि मी नुसते ‘खाशाबा’ म्हणालो. तिने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. तिला ते बैलगाड्यांचेच वाटले असणार. माझीच चूक. पूर्ण नाव सांगायला हवे होते.

गेल्या श्रावणात ती पुरी हकीकत ओसरीवर ऐकून झाल्यावर नातीने पेन काढले. छापील ‘के. डी. जाधव’च्या शेजारी समासात तिने बारीक अक्षरांत लिहिले: खाशाबा दादासाहेब जाधव. “गाव?” तिने विचारले. मी सांगितले. ‘गोळेश्वर’ लिहिताना तिने आधी ‘ल’ काढला, हिंदीची सवय. मग तो खोडून ‘ळ’ केला. ते पुस्तक पुढल्या वर्षी तिच्या धाकट्या भावाकडे जायचे आहे.